ताटातलं जंगल दाव्यात आणा

(वनहक्क समित्यांच्या दोन दिवसांच्या शिबिरात दुसऱ्या दिवशी सकाळी झालेलं बोलणं. बोलीत होतं तसंच ठेवलं आहे. पाड्यावरच्या बैठकीत कुणीतरी मोठ्यानं वाचावं, मध्ये मध्ये थांबून चर्चा करावी.)



काल दिवसभर आपण प्लॉटचं बोललो. कुणाची मोजणी झाली, कुणाची राहिली, कुणाचा दावा ‘पुरावा अपुरा’ असा शेरा मारून परत आला. आज मी जेवणाचं बोलणार आहे. पोरी हसतायत, म्हणतायत बाई शिबिरात स्वयंपाक शिकवणार. हसा. पण फिरून मी दाव्यावरच येणार आहे, कारण आपल्या ताटात जे पडतं ते कुठून येतं, हे नीट लिहिलं तर तो आपल्या हक्काचा पक्का पुरावा होतो. आजवर आपण तो कागदावर आणलाच नाही.

मी कॉलेजात मानववंशशास्त्र शिकले. माणसं कशी राहतात, काय पिकवतात, काय खातात, जमीन-पाणी कसं वाटून घेतात, याचा अभ्यास म्हणजे हे शास्त्र. त्याचं आपल्याशी जुनं भांडण आहे. इंग्रजांच्या राज्यात रिझ्ले नावाचा साहेब होता, १९०१ च्या जनगणनेचा प्रमुख. तो आणि त्याची माणसं लोकांची नाकं मोजायची. नाक किती रुंद, किती लांब, त्यावरून कोण वरच्या वंशाचा आणि कोण खालच्या, हे ठरवायचं. त्याच काळात १८७८ चा जंगल कायदा लागू होता, पुढे १९२७ चा आला, आणि आपली रानं सरकारी राखीव झाली. नाक मोजलं, झाडं मोजली, साग किती घनफूट निघेल ते मोजलं. त्या रानातून किती चुली पेटतात ते मात्र मोजलं नाही. म्हणून सरकारी दप्तरात जंगल म्हणजे लाकूड, आणि आपण म्हणजे त्यात घुसलेले अतिक्रमणदार.

पण त्याच शास्त्रात ताटाकडे बघणारी माणसंही झाली. त्यांतल्या एका बाईची गोष्ट सांगते.

दूरची माणसं, आपलीच नागली

आफ्रिकेत आज झांबिया नावाचा देश आहे. तेव्हा तिथं इंग्रजांचं राज्य होतं. १९३० च्या सुमारास ऑड्री रिचर्ड्स नावाची इंग्रज बाई तिथल्या बेम्बा लोकांत जाऊन राहिली. आता नीट ऐका. हे बेम्बा लोक झाडावर चढून फांद्या तोडतात, झाड मारत नाहीत. फांद्या सुकवून ढीग करतात, पावसाच्या आधी पेटवतात, आणि त्या राखेत बी पेरतात. कसलं बी? नागलीचं. आपलीच नागली. आपण ऐनाच्या फांद्या उतरवतो, राब भाजतो, त्यात पेरतो, तसंच. समुद्राच्या पलीकडे हजारो कोसांवर तोच राब, तीच राख, तेच पीक.

आणि तिथंही आपल्यासारखेच भुकेचे महिने. नवं पीक हाती येण्याच्या आधी कणग्या रिकाम्या. गोरे अधिकारी म्हणायचे, हे लोक आळशी, भूक लागली की बसून राहतात, पुढचा विचार करत नाहीत. असं बोलणं आपणही ऐकलंय ना? तहसील कचेरीत ऐकलंय, दवाखान्यात ऐकलंय.

ही बाई घराघरांत बसली. कुणी काय शिजवलं, किती शिजवलं, कुणाला वाढलं, कुठल्या महिन्यात एकदाच चूल पेटली, हे तिनं लिहून काढलं. धान्य तोलून बघितलं. मग दिसलं ते असं. सरकारनं कर लावला होता, तो रोख भरायचा. रोख पैसा मिळायचा तांब्याच्या खाणींत. बाप्ये खाणींवर गेले. झाडावर चढून फांद्या तोडणं हे तिथं बाप्यांचं काम. ते करणारे हात गावात कमी झाले, राख कमी झाली, शेत लहान झालं. घरातली बाई एकटी, दिवसभर शेतात राबून, पाणी आणून, संध्याकाळी पीठ असलं तरी कालवणाला पाला आणायला तिच्यात ताकद उरायची नाही. आणि कालवणाशिवाय नागलीचा गोळा त्यांच्या घशाखाली उतरत नाही. म्हणजे भूक आळसातून आली नव्हती. करातून, खाणीतून आणि माणसं गावाबाहेर ओढून नेण्यातून आली होती. हे तिनं १९३९ साली पुस्तकात छापलं.

पुढे १९९४ साली दोन अभ्यासक बायांनी त्याच मुलखावर नवं पुस्तक लिहिलं. त्यांनी दाखवलं की रिचर्ड्सबाईला सगळं दिसलं नव्हतं. बेम्बा बाया नुसत्या उपाशी बसल्या नव्हत्या, त्यांनी आपले मार्ग काढले होते, नाती जोडून, पिकं बदलून. म्हणजे बाहेरची व्यक्ती कितीही चांगली असली तरी तिला अर्धंच दिसतं. उरलेलं अर्धं ज्याच्या घरात चूल आहे त्यालाच माहीत असतं. म्हणून मी म्हणते, हे काम आपणच करायचं.

आपलं वर्ष कसं जातं

दिवाळीला भात, नागली, वरई घरात येते. ज्याची जमीन थोडी त्याची कणगी लवकर तळ दाखवते. मग भिवंडी-वसईकडच्या भट्ट्या. बयाणा आधीच घेतलेला असतो, तोही बहुतेक पावसाळ्यातल्या भुकेच्या दिवसांत. आठवड्याला खर्ची मिळते, हिशेब शेवटी होतो, आणि मालकाच्या वहीत काय लिहिलंय ते मालकच जाणे. होळीला काही जण येतात, बाकीचे पावसाच्या तोंडाला. येतात तेव्हा कणगी रिकामीच असते. आषाढ-श्रावणात लावणीचं सगळ्यात जड काम, आणि तेव्हाच घरात सगळ्यात कमी धान्य. पूर्वी याच वेळेला सावकार खावटी द्यायचा आणि पीक आलं की दीडपटीनं, दुपटीनं काढून न्यायचा. सावकाराचं नाव बदललं, महिना तोच राहिला.

आता याच वर्षात रान काय देतं ते बघा. फाल्गुन-चैत्रात मोहाची फुलं. मग करवंद, जांभूळ, आंबा. पावसाच्या तोंडाला मोहाचे दोडे, म्हणजे घरचं तेल. पहिला पाऊस पडला की शेवळं वर येतात, आणि शेवळाची खाज मारायला काकडाची फळं तेव्हाच तयार असतात. मग टाकळा, कुर्डू, लोत, बांबूचे कोंब. ओहोळाला चढणीचे मासे, खडकात खेकडे. श्रावणात करटोली, आळिंबी, भारंगी. पावसाळा सरला, वेल सुकला, की कंद. कडूकंद तर असा की चिरून, राखेत उकडून, वाहत्या पाण्यात ठेवल्याशिवाय खाताच येत नाही. तो कसा गोड करायचा हे ज्या आजीला माहीत आहे, ती माझ्या मते कुठल्याही प्रोफेसरच्या बरोबरीची आहे.

कणगी रिकामी त्याच महिन्यांत रान भरलेलं असतं, हे तुमच्या लक्षात आलं? ही शिस्त आपल्या पूर्वजांनी शोधून ठेवली. आणि म्हणून रानातली वाट बंद झाली, तारेचं कुंपण आलं, जुनं मिश्र रान काढून एकाच जातीची रोपं लावली, की त्याचा मार आषाढातल्या पोराच्या ताटावर बसतो. मग ते पोर अंगणवाडीत वजनाच्या काट्यावर कमी भरतं. तिथं आईला विचारतात, पोराला खायला का घालत नाहीस? कुंपण कुणी घातलं हे कुणी विचारत नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्ट बोलते. रानभाजीनं पोट भरत नाही. भाजी अंगाला लागते, पण कष्टाला भाकरी लागते. त्यामुळे उद्या कुणी म्हणालं, ‘तुम्हाला जंगल आहे ना, मग रेशन कशाला?’ तर त्याला तिथंच थांबवा. आपल्याला दोन्ही पाहिजे. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात प्राधान्य कार्डाला माणशी ५ किलो आहे, अंत्योदयला घरामागे ३५ किलो. पाच माणसांच्या घराला २५ किलो म्हणजे दिवसाला ८०० ग्रॅमच्या जरासं वर, त्यात दोन्ही वेळा पाच तोंडं. लावणी करणाऱ्या घराला हे पुरतं का, तुम्हीच सांगा. आणि तेही दुकान पाड्यावर नसतं. मधला ओहोळ भरला की वाट बंद. पोचलो तर मशीनला रेंज नाही, म्हातारीचा अंगठा घासलेला, उमटत नाही. याच्याही नोंदी पाहिजेत.

चार कामं

समितीनं काय करायचं ते आता सांगते. वही, पेन आणि चार संध्याकाळी पुरतात.

पहिलं काम, ताटाची नोंद. पाड्यावरच्या दहा-बारा घरांत जा. मोठी घरं, लहान घरं, एकट्या बाईचं घर, सगळी घ्या. एकच प्रश्न विचारा: काल सकाळपासून रात्रीपर्यंत चुलीवर काय काय झालं? प्रत्येक पदार्थासमोर लिहा, शेतातलं, रानातलं, रेशनचं की बाजारचं. आणि विचारा, शेवटी कोण जेवलं, त्याला काय उरलं होतं. बाप्या माणसाला विचारलं तर तो म्हणेल, आमच्या घरात सगळे पोटभर जेवतात. बाईला विचारा. ही नोंद वर्षातून तीनदा करा: दिवाळीनंतर, होळीला आणि आषाढात. तिन्ही वह्या शेजारी ठेवल्या की कुणाला भाषण करावं लागणार नाही.

दुसरं काम, बारा महिन्यांचं चाक. अंगणात राखेनं मोठं चाक काढा, बारा घरं पाडा. ज्या महिन्यात जे मिळतं ते त्या घरात ठेवा. पाला, बी, कंदाचा तुकडा, जे हाताशी असेल ते, आणि नसेल त्याच्यासाठी खडा. अक्षर न येणारी आजीसुद्धा यात पुढे असेल. भुकेच्या महिन्यांत काळे खडे ठेवा, कामासाठी बाहेर जाण्याच्या महिन्यांत लाल. शेवटी एखाद्या पोरानं ते कागदावर उतरवून घ्यावं. आश्रमशाळेतल्या पोरांना मुद्दाम बोलवा. नागलीची भाकर चार पोरांत काढायला लाज वाटते असं ती सांगतात. त्यांच्या हातानं हे चाक काढून घ्या.

तिसरं काम, शिवारफेरी. दोन म्हातारी माणसं, दोन बाया, दोन पोरं घेऊन रानात फिरा. शेवळं कुठं, कंद कुठं, मोह कुठले, मासे कुठल्या डोहात, गुरं कुठं चरतात, पाणी कुठं, देव कुठं, मसणवट कुठं. प्रत्येक जागेचं आपलं नाव असतं. ते नाव लिहा. सरकारी नकाशात तिथं फक्त कंपार्टमेंट नंबर असेल. दोन्ही शेजारी लिहा. बायांना न्यायलाच पाहिजे, कारण बाप्यांचं रान आणि बायांचं रान वेगळं असतं. बाप्यांना शिकारीच्या आणि लाकडाच्या वाटा माहीत, बायांना पाल्याच्या आणि कंदाच्या. शेजारच्या पाड्याची हद्द लागली तर त्यांना बोलवून बसा, तिथंच ठरवा. वरच्या कचेरीत जाऊन एकमेकांविरुद्ध बोलू नका.

चौथं काम, वडीलधाऱ्यांचं निवेदन. ‘आम्ही पूर्वापार जंगल वापरतो’ एवढं एक वाक्य लिहून भागत नाही. असं लिहा: ‘मी इतक्या वर्षांची. लग्न होऊन या पाड्यावर आले तेव्हापासून, पहिला पाऊस पडला की सासूबरोबर अमुक ओहोळाच्या वरच्या अंगाला शेवळं काढायला जायची. तेव्हा आमच्याबरोबर अमक्या-तमक्या घरच्या बाया असायच्या. आता माझी सून जाते.’ वर्ष आठवत नसेल तर खूण लिहा: दुष्काळाचं साल, पूल झाला ते साल, थोरलं पोर झालं ते साल. खाली अंगठा, तारीख, साक्षीदार. मग ते ग्रामसभेत मोठ्यानं वाचून दाखवा आणि ठरावात नोंदवा.

याचा दाव्यात काय उपयोग

वनहक्क कायदा २००६ चा. त्याचे नियम २००८ चे, २०१२ साली त्यांत सुधारणा झाली. त्यातला नियम १३ पुराव्यांचा आहे. साथींनो, हा नियम पाठच करा. त्यात फक्त सरकारी कागदच पाहिजे असं कुठं नाही. सामूहिक हक्काच्या पुराव्यांत निस्तार आहे, चराईची जागा आहे, कंदमुळं, चारा, रानातली खाण्याची फळं गोळा करण्याच्या जागा आहेत, मासेमारीच्या जागा, पाण्याच्या जागा, वैदूंच्या औषधाच्या जागा आहेत. देवराई आहे, दफनभूमी आहे. म्हणजे आपण शिवारफेरीत जे लिहिलं तेच. दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचं लेखी निवेदन हाही पुरावा आहे. सामूहिक दाव्याला म्हणून शेजारच्या गावातल्या म्हाताऱ्यांचंही निवेदन जोडा.

आणि गंमत बघा, याच नियमात रीतिरिवाजांचे अभ्यास आणि नोंदी हेही पुरावे धरलेत. नामांकित संस्थांनी केलेले, आणि उदाहरण म्हणून नाव दिलंय भारतीय मानववंशशास्त्र सर्वेक्षणाचं. एके काळी ज्या शास्त्रानं नाकं मोजली, त्याची नोंद आज आपल्या बाजूनं उभी राहू शकते. पण त्या साहेबांची वाट बघत बसायचं कारण नाही. बाकीचे पुरावे आपले आपण उभे करू शकतो, आणि एकापेक्षा जास्त पुरावे विचारात घ्यायचे हे समित्यांवर बंधनकारक आहे. ‘हा एकच कागद आणा, नाहीतर दावा नाही’ असं म्हणता येत नाही.

आपल्या भागात वैयक्तिक प्लॉटचे दावे भरपूर झाले. ते केलेच पाहिजेत, त्यासाठी मार खाल्लेली माणसं इथं बसली आहेत. पण फक्त प्लॉटवर थांबलो तर शेवळाचा डोंगर, मोहाचा माळ आणि माशांचा डोह आपल्या हाताबाहेर राहील. प्लॉट मिळाला त्या घरात भात येईल, आषाढातलं कालवण येणार नाही. आणि ज्याला प्लॉटच नाही, त्या कातकऱ्याच्या घरात काय येईल? सामूहिक वनहक्काचा नमुना ‘ब’ आणि सामूहिक वनसंपत्तीचा नमुना ‘क’ भरताना ही वही पुढ्यात ठेवा.

गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाचं नाव तुम्ही ऐकलंय. २००९ साली त्यांना सुमारे १८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला, देशात अगदी पहिल्यांमधला. पण त्याच्या किती तरी वर्षं आधीपासून ते गाव अभ्यास गट करून बसत होतं. मध काढताना माशा का मरतात, बांबू किती तोडला तर पुन्हा येतो, असं एकेक बघत होतं. हक्क मिळाला तेव्हा काय करायचं हे त्यांना ठाऊक होतं. अभ्यास आधी झाला, पट्टा नंतर आला.

वही कुणाची?

शेवटचं, आणि महत्त्वाचं. ही वही ग्रामसभेची. बाहेरच्या संस्थेची नाही, माझ्यासारखीचीही नाही. मूळ वही गावात, दाव्याला जोडायची ती प्रत. कुठल्या जागेवर कुठलं औषध, हे भगतानं परवानगी दिल्याशिवाय लिहू नका. व्यापारी आणि कंपनीवाले अशाच वह्या शोधत फिरतात. वनहक्क कायद्यानं पारंपरिक ज्ञानावरचा समाजाचा हक्क मान्य केलाय, पण कुलूप आपणच लावायचं. २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली पंचायतीत लोकजैवविविधता नोंदवही असायला पाहिजे. परत गेल्यावर ती मागून बघा. त्यात आपल्या रानाबद्दल कुणी काय लिहून ठेवलंय, ते ग्रामसभेत वाचून घ्या आणि चुकीचं असेल तर ठराव करून दुरुस्त करायला लावा.

पुढच्या महिन्याच्या बैठकीला प्रत्येक समितीनं तीन गोष्टी आणायच्या: दहा घरांच्या ताटाची नोंद, बारा महिन्यांचं चाक, आणि निदान दोन आज्यांची निवेदनं. शिवारफेरी पाऊस पडल्यावर करू, तेव्हा रान बोलतं. ज्या समितीत लिहिणारं कुणी नाही तिथं शेजारच्या पाड्याची पोरगी जाईल, नावं आत्ताच फळ्यावर लिहू या. चहा झाला की गटात बसायचं. बाया पुढे या, म्हाताऱ्यांना मध्ये बसवा.

जल, जंगल, जमीन आमची. जिंदाबाद!